कुठला केवडा?



परवा भाच्याचा फोन आला. "मामा, भेंडीवर केवडा दिसतोय, बोर्डो मारू का?" म्हटलं, आधी पंप खाली ठेव. पंधरा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

तेव्हा माझी २० गुंठे उन्हाळी भेंडी होती. महिन्याच्या आतच एका कडेला सात-आठ झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. सौ. म्हणाली, ती झाडं उपटून टाका. मी ऐकलं नाही. द्राक्षावरचा केवडा मोरचुदानं आटोक्यात येतो हे लहानपणापासून पाहिलेलं, मग भेंडीवरचा का नाही येणार? दोन फवारे बोर्डोचे, मग दुकानदारानं दिलेलं महागडं बुरशीनाशक. शिरा पिवळ्या, मग पानं पिवळी, मग भेंडीच पिवळी आणि टणक. अडत्यानं क्रेट उलटे करून दाखवले. शेवटी रोटर फिरवला. नंतर एका निवृत्त कृषी सहायकांनी विचारलं, "पाटील, पण हा कुठला केवडा होता?" त्या प्रश्नापायी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतोय. दहावी पास माणूस, इंग्रजी अडतं, पण पोराकडून समजून घेतो. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

पान पिवळट-पांढरं पडलं, केवड्याच्या कणसासारखं दिसलं, की आपण म्हणतो केवडा पडला. चुनखडीच्या रानात भुईमूग आणि ऊस पिवळा पडतो, तो केवडा. द्राक्ष, काकडी, बाजरीवर येतो तोही केवडा (बाजरीचं कणीस बिघडलं की गोसावी). आणि भेंडीचा केवडा, त्याला कुणी हळद्याही म्हणतं. नाव एकच, पण रोग तीन वेगळे. पहिल्यात लोह कमी पडतं, दुसऱ्यात बुरशी असते, तिसऱ्यात विषाणू. ही तीन प्रकरणं वेगळी ओळखायला जगालाही पाऊणशे-शंभर वर्षं लागली.

लोहाचं सगळ्यात आधी उलगडलं. फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४३ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार दिले आणि पानं हिरवी झाली. आपण हिराकस फवारतो, त्याचं मूळ तिथं.

बुरशीचं लवकर पटलं नाही. १८४५ ला आयर्लंडात बटाटा करप्यानं गेला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि साथीनं मेली, तरी मोठमोठे विद्वान म्हणत होते की बटाटा आधी सडतो आणि मग त्यावर बुरशी येते. जर्मनीच्या द बारी यांनी १८६१ मध्ये निरोगी झाडावर बुरशीचे बीजाणू सोडून रोग आणून दाखवला, तेव्हा कुठं ते उलटं असल्याचं सिद्ध झालं.

द्राक्षाच्या केवड्याची गोष्ट बागायतदारांनी ऐकलेली असेल. मुळावरच्या किडीला दाद न देणारी अमेरिकी वेलीची रोपं फ्रान्सनं मागवली, त्यांच्याबरोबर केवडाही आला. १८७८ मध्ये तो तिथं पहिल्यांदा दिसला. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डो गावचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातून जात होते. सगळ्या बागांची पानगळ झालेली, फक्त रस्त्याकडेच्या वेली हिरव्या. वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून बागवाल्यांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, पानं विषारी दिसावीत म्हणून. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये मिलार्दे यांनी कृती छापली: ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, १५ किलो कळीचा चुना ३० लिटरमध्ये. आपल्या एक टक्क्याच्या सहापट! ते लोक झाडूनं शिंपडायचे, आपण नोझलनं मारतो, एवढं लक्षात ठेवून वाचा. (आता शास्त्रज्ञ म्हणतात, केवड्याची ही खरी बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळाच्या नात्यातली आहे. ओलाव्याची एवढी हाव का, ते मग कळतं.)

म्हणजे माझा बोर्डो चुकीचा नव्हता, चुकीच्या केवड्यावर मारला होता. बुरशीचा बीजाणू पानावर पडतो, रुजतो, मग आत शिरतो. तांबं त्याला पानावरच गाठतं. विषाणू तसा सापडत नाही.

विषाणूचा शोध तंबाखूत लागला. हॉलंडमध्ये आडोल्फ मायर यांनी रोगट पानांचा रस काचेच्या बारीक नळीनं चांगल्या झाडांच्या शिरांत घातला. दहातली नऊ झाडं आजारी पडली. त्यांनी १८८६ मध्ये हे छापलं, रोगाला मोझॅक नाव दिलं, पण जीवाणू असावा असं समजले. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी तोच रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जीवाणू ज्यातून जात नाहीत अशी ती गाळणी. गाळलेल्या रसानंही रोग आला. १८९८ मध्ये डेल्फ्टच्या बायेरिंक यांनी ठामपणे सांगितलं की हा जीवाणू नाहीच, हा जिवंत झाडातच वाढणारा वेगळाच प्रकार आहे. या बायेरिंकांचे वडील तंबाखूचे व्यापारी, धंद्यात बुडालेले. पोरानं पुढं तंबाखूच्याच रोगावर नाव काढलं. प्रत्यक्ष विषाणू डोळ्यांना दिसायला १९३९ साल उजाडलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. तोवर पन्नासेक वर्षं माणसं न दिसणाऱ्या गोष्टीवर काम करत होती.

आता आपली भेंडी. हा रोग पहिल्यांदा नोंदवला गेला तो आपल्याच मुंबई इलाख्यात, १९२४ मध्ये. कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅक रोगांवर लिहिलं, त्यात भेंडी होती. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूच असल्याचं मांडून त्याला पिवळ्या शिरांचा मोझॅक हे नाव दिलं. पुढं वर्मा यांनी पांढऱ्या माशीवर खोलात काम केलं. माशी रोगट झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या पोटात जातो आणि ती जाईल तिथं तो सोडते. माझ्या रानात त्या सात-आठ झाडांवर माशी बसत होती, आणि मी सगळ्या रानाला मोरचूद पाजत होतो.

१९७४ मध्ये बेंगळुरूच्या शास्त्री आणि सिंग यांनी नुकसान मोजलं. उगवणीनंतर ३५ दिवसांनी रोग लागला तर ९४ टक्के उत्पन्न जातं, ५० दिवसांनी ८४ टक्के, ६५ दिवसांनी ४९ टक्के. हे आकडे वाचले त्या दिवशी मी सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मी आकडे न मोजता सांगितलं होतं."

औषध नाही म्हटल्यावर शास्त्रज्ञ वाणाकडं वळले. दिल्लीच्या संस्थेनं पन्नाशीच्या दशकात पुसा सावनी काढली. तिच्यातला गुण आला बंगालकडच्या एका भेंडीतून. त्या भेंडीच्या अंगात विषाणू असला तरी पान पिवळं पडत नसे. काही वर्षं पुसा सावनीनं राज्य केलं, मग तीही पिवळी पडू लागली.

मग परभणीला जांभळे आणि नेरकर यांनी वेगळी वाट धरली. भेंडीच्या एका रानटी भावकीशी पुसा सावनीचा संकर केला. असा संकर बहुतेक वांझ निघतो. त्यातून पिढ्यान् पिढ्या पुन्हा भेंडीशी जुळवत, निवडत १९८५ च्या सुमारास परभणी क्रांती आली. आमच्या वडिलांनी ती लावलेली मला आठवते. घरचं बी धरायचे, गाडग्यात राखेत ठेवायचे. पुढं तिच्यावरही केवडा दिसू लागला. आज बाजारात संकरित बियाणं आहे. पाकिटावर केवडा-सहनशील लिहिलेलं असतं, किती वर्षं टिकेल ते लिहिलेलं नसतं.

भाच्याला मग एवढंच सांगितलं: पान उन्हाकडं धरून बघ. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानावर आधी, तर लोह कमी. शिराच पिवळ्या, जाळ्यासारख्या, तर विषाणू. वर तेलकट डाग आणि सकाळी खाली पांढरी बुरशी, असं काकडी-द्राक्षावर दिसलं तर बोर्डोचं बघू. त्यानं फोटो पाठवला. शिरा हळदीसारख्या, पीक २८ दिवसांचं, अकरा झाडं.

उपटून, पिशवीत भरून रानाबाहेर नेली म्हणाला. बाकीच्या झाडांची पानं खालून रोज सकाळी बघायला सांगितलंय, आणि पिवळे चिकट सापळे आज लावतोय. पंधरा दिवसांनी काय होतं ते लिहीन. तुमच्याकडं कुणाच्या गाडग्यात परभणी क्रांतीचं घरचं बी अजून असेल, तर मूठभर हवंय.