मारका बैल आणि मारकुटा माणूस

सांता क्लारा येथील आमच्या घरी घडलेल्या एका लहानशा प्रसंगावरून हा लेख सुचला. आमचा धाकटा शाळेतून आला तो तोंड पाडूनच. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाने त्याला ढकलून पाडले होते. "तो बुली आहे," असे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. आमच्या मातोश्रींचे बालपण अलिबागेकडे गेलेले, इंग्रजी बेताचेच. त्यांनी 'बुली' ऐकले आणि त्या 'बैल' समजल्या. म्हणाल्या, "मारका असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये रे बाळा. कुणाचा आहे तो? धन्याला जाऊन सांगा." आम्ही हसलो. थोरलीने तर निकालच दिला की आजीचे बरोबर आहे, 'बुल'वरूनच 'बुली' झाला.

शब्दकोश उघडला तेव्हा मात्र बैल निर्दोष निघाला. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात डच भाषेतून आला असे मानतात, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता जिवलग, लाडका! पुढे तो शेखी मिरवणाऱ्या गड्याला लावू लागले आणि त्यानंतर दुबळ्यांना छळणाऱ्याला. कानाला बैलाचे नाव ऐकू येत होते, त्यामुळे अर्थ बिघडायला मदतही झाली असेल.

आपल्या मराठीत असा घोटाळा नाही. तिथे जनावर उघड उघड समोर उभे असते. बैल मारका, तर मास्तर मारकुटा; शब्द एकाच घरातले. गाय-म्हैस माजावर येते, त्यावरून माणूस माजतो, माजोरी होतो. कुत्रा पिसाळतो आणि भाऊबंदकीत भाऊही पिसाळतो. साप डूख धरतो, शेजारीण डूख धरते. रानडुकराची मुसंडी माणूसही मारतो. आवरण्याचे शब्दसुद्धा गोठ्यातलेच. उद्धटाला वेसण घालायची. गळ्यातले लोढणे आज नकोशा जबाबदारीला म्हणतात, पण मुळात तो ओढाळ जनावराला पळता येऊ नये म्हणून गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका होय. एक गंमत ध्यानात येते. रानातल्या वाघाचे नाव माणसाला दिले तर तो गौरव ठरतो. शिवी होते ती आपल्याच दावणीच्या जनावरावरून. ज्याला वैरण घातली तोच अंगावर आला, याचा राग त्या शब्दात असतो.

आपल्या पूर्वजांना हे कुणी शिकवायला नको होते. कोकणात ते घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. दिवसभर बैलाच्या मागे फिरणाऱ्याला कोणता बैल शांत आणि कोणता शिंगे रोखणारा हे ठाऊक असतेच. त्या काळी मिश्ना त्यांच्या हाती नव्हती. ती असती तर 'बाबा कामा' हा भाग त्यांना घरचाच वाटला असता, कारण त्यात मारक्या बैलाची चर्चा पानोपानी आहे.

तिचे मूळ तोरात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात. एखाद्याच्या बैलाने माणसाला हुंदडून मारले, तर बैल पूर्वी मारका होता काय आणि धन्याला तशी सूचना मिळाली होती काय, हे तिथे पाहिले जाते. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत या भेदाला दोन नावे आहेत. पहिल्यांदाच शिंग मारणारा बैल 'ताम', म्हणजे साधा. त्याने दुसऱ्याच्या जनावराला इजा केली तर धन्याने अर्धी भरपाई द्यायची. ज्याच्याविरुद्ध तीनदा साक्ष झाली तो 'मुआद', म्हणजे ज्याच्याबद्दल बजावले गेले आहे असा. त्याची भरपाई पुरी. आपला पिता याकोब याच्यासाठी तोरात जो 'ताम' शब्द आहे, तोच या साध्या बैलालाही लावला आहे!

इस्रायलमधल्या आपल्या नातलगांच्या कानावर 'मुआद' हा शब्द नेहमी येत असेल, पण बैलाबद्दल नव्हे. वारंवार गुन्हे करणाऱ्याला आजच्या हिब्रूत 'अवर्यान मुआद' म्हणतात. गोठ्यातला शब्द कचेरीत गेला तो असा. फरक एवढाच की बैलाला हे नाव एका धडकेत चिकटत नसे. साक्षीदार लागत, धन्याला कळवावे लागे. शिवाय ते नाव कायमचेही नव्हते. रब्बी मेईर यांच्या मते मुले त्या बैलाला हात लावू लागली आणि त्याने शिंग उगारले नाही, की तो पुन्हा 'ताम'. लांडगा, सिंह, अस्वल, चित्ता यांना मात्र मिश्ना पहिल्यापासूनच मुआद धरते. रब्बी एलिएझेर म्हणतात की माणसाळले तर तेही नव्हेत, एक साप तेवढा कायमचा. डूख धरणे हा शब्दप्रयोग त्यांना पटला असता.

आणखी एक कलम आम्हांला फार आवडते. आखाड्यात झुंजवलेल्या बैलाने माणूस मारला तर त्या बैलाला देहदंड नाही. कारण त्याने शिंग मारले नाही, त्याला मारायला लावले.

हे कलम वाचताना आम्हांला आमचे हे गावच आठवले. सांता क्लारा येथे १७७७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी मिशन स्थापले, आणि स्पॅनिश व मेक्सिकन अमदानीत कॅलिफोर्नियात अस्वल आणि बैल यांना एका दोराने बांधून झुंजवण्याचा खेळ चाले. सणासुदीला लोक कुटुंबासह पाहायला जमत. १९११ मध्ये या राज्याने आपल्या निशाणावर तेच ग्रिझली अस्वल अधिकृतपणे घेतले. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत येथले शेवटचे ग्रिझली नाहीसे झाले. आता त्याचा पराक्रम फक्त कापडावर. गावातल्या विद्यापीठाच्या संघांना 'ब्रॉन्को' म्हणतात, म्हणजे लगाम न मानणारा घोडा. स्पॅनिशमध्ये 'ब्रॉन्को' म्हणजे खडबडीत, राकट. ते विशेषण आधी घोड्याला लागले आणि आता खेळाडू पोरापोरींना लागते, तेही शाबासकी म्हणून. मैदानात ज्या गुणाला टाळ्या पडतात तोच मधल्या सुट्टीत दिसला की 'बुली' म्हणायचे, हा न्याय आम्हांला नीटसा उलगडलेला नाही.

माणसाविषयी मिश्ना कडक आहे. माणूस सदाचाच मुआद, मग चुकून असो वा मुद्दाम, जागा असो वा झोपेत. त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई नेहमी पुरी. बैलाला दिलेली सवलत आपल्याला नाही.

तरी हे दोन-तीन रात्री वाचून झाल्यावर आम्ही धाकट्याला जवळ बसवले आणि विचारले, "त्याने तुला किती वेळा मारले?"

त्याने बोटे मोजली. "दोनदा."

"आणि त्याच्या घरी कुणी सांगितले का?"

"नाही."

मातोश्री कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, धन्याला सांगा म्हणून."

शनिवारी मावळतीनंतर आम्ही त्या मुलाच्या वडिलांना फोन केला.