तळटीप : जीवेवरून कंस

वर आलेले ‘उलटे गणित’ म्हणजे व्यस्त त्रिकोणमिती : गुणोत्तर दिले असता कोन शोधणे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) ते जीवेवरून कंस काढताना भेटते. व्यास 240, परिघाचे समान भाग 18, मग 120 लांबीच्या जीवेचा कंस किती? त्यांच्या रीतीने 9 मधून 6 वजा होतात आणि 3 भाग, म्हणजे 60 अंश, उरतात. रीत अंदाजी, पण येथे उत्तर तंतोतंत. आता गंमत अशी, की या रीतीमागच्या वर्गसमीकरणाचे दुसरे मूळ 9 अधिक 6, म्हणजे 15 भाग. तेही खोटे नाही. तीच जीवा पलीकडचा मोठा कंसही तोडते. आचार्यांनी धाकटा घेतला.

बारावीच्या मुलांची दांडी नेमकी येथेच, दोन मुळांतून योग्य ते निवडताना, उडते.

टॅन⁻¹(2क्ष) + टॅन⁻¹(3क्ष) = 45° हे नेहमीचे उदाहरण घ्या. बेरजेचे सूत्र लावले की 6क्ष² + 5क्ष − 1 = 0; मुळे 1/6 आणि −1. पण क्ष = −1 घेतल्यास डावीकडे −135 अंश येतात. दोन्ही कोनांचा टॅन 1 असल्यामुळे हा पाहुणा आगंतुकासारखा घुसतो. तेव्हा वाचकांनी प्रत्येक उत्तर पहिल्या समीकरणात घालून पाहावे. — संपादक