दोगाना, जनाखी आणि रब्बू

२ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसैनिक घुसले आणि त्यांनी 'फायर'चा खेळ बंद पाडला. दोन जावांच्या प्रेमावरचा दीपा मेहतांचा हा सिनेमा सेन्सॉरने पास केलेला होता. मोडतोडीची हकीकत बहुतेकांना आठवते. मला मात्र त्या काळातलं एक विधान जास्त आठवतं. सिनेमातल्या बायकांची नावं राधा आणि सीता होती. ती बदलून शबाना, सायरा अशी मुसलमान नावं ठेवा, मग आमची हरकत नाही, अशा अर्थाचं बाळासाहेब ठाकरे बोलले होते.

थोडक्यात, हे आमच्यातलं नाही, तुमच्यातलं. आणि आपल्या मोहल्ल्यात विचारा, तिथेही उत्तर तयार असतं : हे आपल्यातलं नाहीच, हे युरोप-अमेरिकेचं खूळ. त्याच मुंबईत बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांचा 'स्त्री संगम' हा गट १९९५पासून एकत्र येत होता. या बायका नेमक्या कुणाच्या, हे ठरवायला कुणीच तयार नव्हतं.

धर्माचा हुकूम काय, ही चर्चा मी इथे काढत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण 'हे बाहेरून आलं' हे विधान इतिहासाबद्दल आहे, आणि इतिहास तपासता येतो. त्यासाठी उर्दूची जुनी पानं उलटली तरी पुरे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौमध्ये 'रेख्ती' नावाचा काव्यप्रकार फोफावला. पुरुषाच्या तोंडची उर्दू कविता ती रेख्ता, बाईच्या तोंडची ती रेख्ती. सआदत यार खाँ 'रंगीन' (१७५७-१८३५) हा तिचा जनक म्हणवून घेत असे. त्याचा दोस्त इंशाअल्ला खाँ 'इंशा' यानेही रेख्ती लिहिली. यातली भाषा दरबारी नव्हे, जनान्यातली. मुआ, निगोडी, नौज, उई. आपल्याकडे दख्खनी बोलणाऱ्या घरांत म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून यातले दोनचार शब्द अजून ऐकू येतात. माझी नानी 'निगोडी' हा शब्द लाडाने आणि रागाने, दोन्हीसाठी वापरायची.

रंगीनने आपल्या रेख्तीच्या दिवाणाला बायकी शब्दांचा एक कोशच जोडला. त्यात काही शब्द असे आहेत की ते वाचल्यावर 'बाहेरून आलं' म्हणणं अवघड होतं. एक शब्द 'दोगाना'. बदाम फोडल्यावर कधी एका कवचात दोन गर निघतात. असा जुळा बदाम वाटून खाऊन दोन बायका एकमेकींच्या दोगाना व्हायच्या. दुसरा शब्द 'जनाखी'. कोंबडीच्या छातीचं चिमट्यासारखं हाड दोघींनी ओढून मोडायचं, मग त्या एकमेकींच्या जनाखी. वेलदोड्यावरूनही असंच एक नातं जोडलं जाई. सगळं साहित्य स्वयंपाकघरातलं. काजी नाही, वकील नाही, मेहर नाही. हे नातं निव्वळ मैत्रिणींचं होतं असं म्हणून सुटका करून घ्यावी, तर या कविता तशी सोय ठेवत नाहीत. त्यांत दोगानांचा विरह आहे, मत्सर आहे, आणि अंथरूणही आहे. जुरअत नावाच्या शायराने तर याच विषयावर 'चपटीनामा' लिहिला.

आता एक अडचण, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे सगळे शायर पुरुष. जानसाहेब हा नंतरचा रेख्तीकार मुशायऱ्यात बायकांसारखी ओढणी घेऊन शेर वाचायचा आणि पुरुषांची मैफल खिदळायची. रंगीन स्वतःच सांगतो की ही भाषा आपण पेशेवाल्या बायकांच्या सहवासात शिकलो. तेव्हा रेख्तीला बायकांची आत्मकथा समजणं भाबडेपणाचं होईल. कविता चविष्ट व्हावी म्हणून पुरुष काय काय रचतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिला नुसती थट्टा म्हणून बाजूला सारणंही मला पटत नाही. नसलेल्या गोष्टीला कुणी इतके नेमके शब्द देत नाही, आणि बदामाची रीत शायराने कल्पनेतून काढली असेल असं वाटत नाही.

दख्खनकडे बघितलं तर फरक जाणवतो. विजापूरचा अंध शायर हाशमी याने सतराव्या शतकातच दख्खनीत बाईच्या तोंडची गजल लिहिली होती. पण त्याची बाई पुरुषाला साद घालते. सखीला साद घालणारी बाई लखनौच्या कवितेत आली.

मग हे गेलं कुठे? १८५७नंतर हरलेल्या उत्तर भारतातल्या शरीफ मुसलमानांनी स्वतःची झाडाझडती घेतली. आपण का बुडालो, याचं एक उत्तर 'ऐयाशी' असं निघालं आणि त्या यादीत ही शायरी वर होती. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' कादंबरीत नुकताच तौबा केलेला बाप मुलाची पुस्तकं जाळतो. हाली यांनी १८९३च्या 'मुकद्दमा'त शायरीच्या शुद्धीची मागणी केली. रेख्ती अश्लील ठरली, अभ्यासक्रमातून गेली, दिवाण पुन्हा छापताना गाळली गेली. या सुधारकांचा मला आदर आहे, मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी झीज सोसली. पण मुलींना वाचायला शिकवतानाच त्यांनी जनान्याची बोली अडाणी, बाजारी ठरवली, हेही तितकंच खरं. सफाई इतकी चोख झाली की पुढे हा मजकूर गोळा करायला रूथ वनिता आणि लखनौचे सलीम किदवई यांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. त्यांचा ग्रंथ २००० साली आला.

म्हणून १९४२मध्ये इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही कथा 'अदब-ए-लतीफ'मध्ये छापून आली तेव्हा लोकांना ती आकाशातून पडल्यासारखी वाटली. खरं तर तोंडावर हात ठेवला गेला त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला उभा राहिला, सोबत मंटोंवर 'बू'साठी. कथेत आक्षेप घ्यावा असा शब्दच सापडेना. शेवटी एका साक्षीदाराने 'आशिक जमवणे' यावर बोट ठेवलं. शरीफ घरच्या मुलीने असं लिहू नये, म्हणाला. इस्मत सुटल्या. उरलेलं आयुष्य त्यांनी मुंबईत काढलं, ढिगाने लिहिलं, पण लोक विचारत राहिले ते 'लिहाफ'बद्दलच, आणि त्याचा त्यांना वैताग होता.

कथा एक लहान मुलगी सांगते. नवाबाला कोवळ्या पोरांचा शौक, बेगमजान एकटी, आणि तिचं अंग रगडणारी मोलकरीण रब्बू. रात्री भिंतीवर लिहाफाची सावली हत्तीसारखी हलते. बेगमजान नवऱ्याने टाकली म्हणून रब्बूकडे वळली, हे कारण कथेतच दिलेलं आहे, आणि ते मला नेहमी खटकत आलंय. शिवाय रब्बू गावाला गेली असताना बेगमजान त्या मुलीशी जे वागते ते कुणालाही घाबरवणारं आहे. ही प्रेमकथा म्हणून मिरवण्यासारखी नाही. तरीही दरवाजा तिनेच उघडला.

आत्मकथनात इस्मत सांगतात की जिच्यावरून बेगमजान रचली ती बाई पुढे त्यांना अलीगढला भेटली. इस्मत घाबरल्या होत्या. पण बाईने मिठी मारली. नवाबाला सोडून तिने दुसरं लग्न केलं होतं, मुलगा झाला होता. वाचणारे इथे सुटकेचा निःश्वास टाकतात. मी रब्बूला शोधत राहते. त्या भेटीच्या वर्णनात ती कुठेच नाही.

मराठीतही बोलणारा दुसराच कुणी असतो. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) नाटकात सुमित्रा देव या मुलीची गोष्ट बापू नावाचा मुलगा सांगतो आणि ती शेवटी जीव देते. त्याच साली एका मराठी बाईचं 'फेमिनिस्ट फेबल्स' हे पुस्तक आलं. सुनीती नामजोशी, जन्म मुंबईचा, १९४१चा, आजोळ फलटणचं नाईक निंबाळकर राजघराणं. भारतीय प्रशासकीय सेवेतली नोकरी सोडून त्या परदेशी गेल्या, आणि आपण बाईवर प्रेम करणारी बाई आहोत हे उघडपणे, स्वतःच्या नावाने लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, हे आपल्या भाषेबद्दल काही सांगून जातं. २००० साली त्यांनी आपल्या बालपणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या दोन मेलेल्या बायकांशी बोलतात. एक राजघराण्यातली आजी. दुसरी त्याच वाड्यात त्यांना सांभाळणारी मोलकरीण, गोजा. पुस्तकाला नाव गोजाचं आहे.