कोनाडा, माळा आणि न्हाणीघरातलं कपाट

आम्ही दापोड्याच्या बायका बोलतोय.

आमच्या गावाचं नाव काढलं की लोक पहिलं विचारतात, "कुठल्या गोडाऊनच्या बाजूला?" कारण सरळ आहे. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागायची. मग व्यापाऱ्यांनी नाक्याच्या अलीकडेच माल उतरवायला जागा धरली, आणि दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, मानकोली या पट्ट्यातली भाताची खाचरं पत्र्याच्या शेडांखाली गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र उलट वाढली. साबण, शांपू, पॅड, सगळ्याची खोकी आमच्याच गावात थप्पीला लागतात. आणि आमच्या घरात? न्हाणीघरात बाईची वस्तू ठेवायला वीतभर जागा शोधावी लागते. आज त्याच वीतभर जागेचा इतिहास सांगायचाय.

जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, वरून शेणमातीचा लेप. आंघोळीची मोरी मागच्या पडवीत किंवा परसात, एक दगड आणि आडोसा. ठेवायचं ते थोडंच: दात घासायला राखुंडी नाहीतर मशेरी, केसाला शिकेकाई, टाचा घासायला वज्री. ज्यांची भिंत मातीची, जाड, त्यांच्याकडे कोनाडा असायचा. बाकीच्यांनी कुडात खोचायचं.

आणि पाळीचं कापड? ते यातल्या कशातच नाही. आमच्या आळीतल्या एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, "कोनाडा सगळ्यांचा होता, वाशाची सांद तेवढी माझी." छपराखालच्या सांदीत, धुराच्या आणि अंधाराच्या जागी, ओलं कापड दुसऱ्या फडक्याखाली वाळायचं. वाळायचं म्हणण्यापुरतंच. पावसाळ्याचे चार महिने ते दमटच राहायचं आणि तसंच पुन्हा वापरायचं. खाज, पुरळ, अंगावरून जाणं, हे सगळं बायकांनी नशीब म्हणून काढलं. ऊन मिळालं असतं तर त्यातलं बरंच टळलं असतं.

आमच्यातल्या काहींची माहेरं मुंबईच्या चाळींतली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत घरांची चर्चा सुरू झाली, १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट निघाला, १९२० नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्या चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात चूल, अंथरूण, पाहुणे आणि कोपऱ्यात पडद्याआड मोरी. मोरीवर एक फळी. त्या फळीवर अख्ख्या घराचा साबण, तेल, दाढीचं सामान, आणि मागे दडवलेली एक पुरचुंडी.

याच मुंबईत, लालबागला, आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या कारखान्यातून वनस्पती तेलाचा साबण निघाला आणि १९२३ पासून लोखंडी कपाटंही. साबण आणि कपाट एकाच कारखान्याचं, पण घरात आल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कपाट गेलं आतल्या खोलीत. त्यात दागिने, कागद, शालू. किल्ली सासूच्या कमरेला. साबण राहिला मोरीवरच्या फळीवर.

मग जमिनीचे पैसे आले, स्लॅबची घरं आली, फरशी लावलेलं न्हाणीघर घरात आलं. एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही: चार इंची भिंतीत कोनाडा खोदता येत नाही! जाड भिंतीबरोबर कोनाडाही गेला. त्याऐवजी न्हाणीघरावर माळा आला, कारण तिथलं छत खाली घेतलं तरी चालतं. माळ्यावर पाण्याची टाकी, लग्नातली भांडी, गणपतीचं मखर. बाईला तिथलं काही काढायचं तर स्टूल आणि धरायला माणूस हवा.

त्यामुळे आरसा लावलेलं प्लास्टिकचं कपाट आम्हाला चैनीची वस्तू वाटत नाही. पण ते भरायचं कसं, तेही नीट बघायला हवं. साध्या प्लायचं घेऊ नका, एका पावसाळ्यात फुगतं. पीव्हीसी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या, शॉवरपासून लांब बसवा, आंघोळीनंतर दार थोडा वेळ उघडं ठेवा. औषधाच्या गोळ्या तिथे ठेवूच नका, वाफेने खराब होतात. पॅडचा सगळा साठाही नको. घट्ट झाकणाच्या डब्यात लागतील तेवढी तीन-चार ठेवा, बाकीची कोरड्या खोलीत.

फिनेल आणि अ‍ॅसिड खालच्या खणात ठेवायची सवय जवळपास प्रत्येक घरात दिसते. आमच्या गल्लीत एका घरी फिनेल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. पाच वर्षांच्या पोरीने बाटली तोंडाला लावली. वासाने थुंकली म्हणून निभावलं. असं कधी झालं तर पोराला उलटी करायला लावू नका, बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. आणि मुळात ती बाटली वर, कडी लावून, तिच्या मूळच्या लेबलासकट ठेवा.

८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही उठला. पॅड घरात आली, पण ठेवायची कुठे? कितीतरी मुली ती अजून वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली सारतात.

आमच्यातल्या एकीने गेल्या पावसाळ्यात कपाट बसवलं आणि मधला खण मुलीचा, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नवरा काही बोलला नाही. सासूबाई मात्र उठून बघायला गेल्या, दार दोनदा उघडलं, बंद केलं आणि म्हणाल्या, "आणि माझी मशेरी?" ती सोडा म्हणून आम्ही त्यांच्या कानीकपाळी ओरडतोच आहोत, तंबाखूच ती. तोवर डबा वरच्या खणात आहे, आणि त्या खणाची कडी त्यांनी स्वतः बसवून घेतली आहे.