‘फरारी’ आणि ‘बेपत्ता’ : छावणीतून नाहीशा झालेल्या सैनिकाचा शोध आणि त्याची नोंद

१

सैन्य ही संस्था हजेरीवर उभी असते. ठरलेल्या वेळी माणसे मोजायची, आकडा वरिष्ठांना कळवायचा आणि आकड्यात एक जरी कमी पडला तरी त्याच्या नावापुढे कारण लिहायचे, ही रीत बहुतेक सर्व आधुनिक सैन्यांत आढळते. रणांगणावर कमी पडलेल्या माणसासाठी कारणांचे अनेक रकाने असतात : मृत, जखमी, युद्धबंदी, बेपत्ता. शांततेच्या काळात छावणीतून कमी पडलेल्या माणसासाठी मात्र हे रकाने दीर्घकाळ एकाच अर्थाकडे झुकलेले होते. तो पळाला, असे प्रथम गृहीत धरले जाई. इतर शक्यतांचा विचार नंतर होई, किंवा होतही नसे. या गृहीताचा इतिहास, त्याने शोधकार्याला दिलेली दिशा आणि २०२० मध्ये अमेरिकेतील एका छावणीत त्याची झालेली फेरतपासणी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

मराठी भाषेत या प्रसंगासाठी जे शब्द रूढ आहेत त्यांतच हा प्रश्न साठलेला दिसतो. ‘फरारी’ हा अरबी-फारसी मार्गाने आलेला शब्द पळून जाण्याची क्रिया आणि त्यामागील हेतू या दोन्ही गोष्टी त्या माणसाच्या पदरी टाकतो. ‘बेपत्ता’ या शब्दाची जात वेगळी आहे. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. म्हणजे हा शब्द गेलेल्या माणसाच्या कृतीविषयी काहीच सांगत नाही, मागे राहिलेल्यांच्या अज्ञानाविषयी सांगतो. पहिल्या शब्दात निवाडा आहे, दुसऱ्यात कबुली आहे. लष्करी नोंदवहीने या दोहोंपैकी कोणता शब्द उचलला, यावर पुढचा शोध कोणी घ्यायचा, कसा घ्यायचा आणि मुळात घ्यायचा की नाही, हे ठरत आले आहे.

२

पळून जाणाऱ्या सैनिकाची भीती कायमस्वरूपी सैन्याइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६८९ च्या ‘म्युटिनी ॲक्ट’ने बंडाबरोबरच सैन्यत्यागालाही लष्करी न्यायालयाकडून देहान्त शिक्षा देण्याची तरतूद केली. पुढे एकोणिसाव्या शतकात ‘पोलीस गॅझेट’मधून पळालेल्या सैनिकांच्या याद्या नियमाने छापल्या जात. नाव, वय, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, पूर्वीचा धंदा, जन्मगाव, पळाल्याची तारीख व ठिकाण असा त्यांचा मजकूर असे. पकडलेल्या सैनिकाच्या अंगावर ‘डी’ हे अक्षर गोंदण्याची प्रथा ब्रिटिश सैन्यात होती. ती १८७० च्या दशकात संपुष्टात आली. नोंदवहीतील अक्षर माणसाच्या कातडीवर उतरवण्याचा याहून उघड प्रकार सापडणे कठीण.

हिंदुस्थानात सैनिकाचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत इंग्रजांनी आणली असे नाही. मोगल काळात शिपायाचा ‘चेहरा’ लिहिला जाई आणि घोड्याला ‘दाग’ दिला जाई. बदली माणसे आणि बदली घोडी उभी करून पगार उचलला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. ‘हुलिया’ हा शब्दही याच परंपरेतला. कंपनी सरकारच्या पलटणींत शिपायाचे गाव, परगणा, जात, बापाचे नाव, उंची आणि अंगावरच्या खुणा यांची नोंद होऊ लागली, तेव्हा ही जुनी रीत नव्या शिस्तीला जोडली गेली.

साहित्याच्या अभ्यासकाने या मजकुराकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहणे उपयुक्त ठरेल. पळालेल्याला पकडण्यासाठी काढलेली जाहिरात आणि हरवलेल्याला घरी आणण्यासाठी घरच्यांनी लावलेले पत्रक यांतील तपशील जवळजवळ सारखेच असतात. तीच उंची, तोच वर्ण, तीच गालावरची खूण. फरक एवढाच की पहिल्या मजकुरात खूण ही ओळख पटवून बेड्या घालण्यासाठी असते आणि दुसऱ्यात तीच खूण मायेची साक्ष असते.

३

युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या वाट्याला मात्र वेगळा शोध आला. १९१४ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने युद्धबंदींसाठी जी संस्था उभारली तिच्याकडे युद्धाअखेर सुमारे ७० लाख नोंदपत्रे जमली होती. ब्रिटिश रेडक्रॉसने जखमी व बेपत्ता सैनिकांच्या चौकशीचा स्वतंत्र विभाग चालवला. त्याचे ‘शोधक’ इस्पितळांत खाटेखाटेशी जाऊन जखमींना विचारत : अमुक माणसाला शेवटचे कोठे पाहिले? कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१५ पासून अलेक्झांड्रियात हेच काम करीत होता. मुंबईत जन्मलेल्या रडयर्ड किपलिंगचा मुलगा जॉन १९१५ च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. त्याच्या पलटणीतील वाचलेल्या सैनिकांना गाठून किपलिंग वर्षानुवर्षे माहिती गोळा करीत राहिला. नव्ह शापेल येथील स्मारकावर ज्यांची कबर वा चितेची जागा ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. तेथे ‘बेपत्ता’ हा शब्द सन्मानाचा आहे.

मराठी मनाला या अवस्थेची जुनी ओळख आहे. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊंचे काय झाले याविषयी शंका उरली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. आणि पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहून १७७६ मध्ये पेशवाईला त्याचा बंदोबस्त करावा लागला. न. चिं. केळकर यांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. फ्रेंच साहित्यात बाल्झाकचा कर्नल शाबेर याच्या उलट टोकाला उभा आहे. आयलाउच्या लढाईत मृत म्हणून नोंदला गेलेला हा अधिकारी जिवंत परततो, पण कागद त्याला जिवंत मानायला तयार नसतो. तोतयाच्या गोष्टीत नोंद अपुरी आहे म्हणून खोटा माणूस आत शिरू पाहतो; शाबेरच्या गोष्टीत नोंद पक्की आहे म्हणून खरा माणूस बाहेर राहतो.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. रणांगणावरून नाहीसा झालेला माणूस पळाला असेल, ही शक्यता समाज सहसा उच्चारत नाही. १९७१ च्या युद्धानंतर परत न आलेल्या ५४ भारतीय सैनिकांचा प्रश्न याच कारणाने संसदेत व बाहेर दीर्घकाळ जागता राहिला. २००७ मध्ये त्यांच्यापैकी काहींचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहूनही आले. छावणीतून नाहीशा झालेल्या शिपायाच्या मागे असे सामूहिक बळ नसते.

४

भारतात याविषयीची कायदेशीर चौकट १९५० च्या सेना अधिनियमाने घालून दिली. त्याच्या कलम ३८ मध्ये सैन्यत्याग आणि कलम ३९ मध्ये रजेविना गैरहजेरी हे दोन स्वतंत्र अपराध आहेत. युद्धसेवेत असताना केलेल्या सैन्यत्यागाला देहान्तापर्यंत, तर अन्य परिस्थितीत सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत. कलम १०५ नुसार सैन्यत्यागाची लेखी खबर मुलकी अधिकाऱ्यांना दिली जाते आणि दंडाधिकाऱ्याचे वॉरंट निघाले असावे त्याप्रमाणे त्यांनी त्या माणसाला पकडण्याचा प्रयत्न करायचा असतो.

अधिक विचार करण्याजोगे कलम १०६ आहे. सैनिक ३० दिवस परवानगीवाचून गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. परवानगी किंवा अन्य पुरेसे कारण नसताना तो गैरहजर आहे अशी तिची खात्री झाली, तर तसे जाहीर होते. आणि त्यानंतर तो स्वतः हजर झाला नाही वा पकडला गेला नाही, तर या कायद्यापुरता तो सैन्यत्यागी मानला जातो. कायद्याने ‘अन्य पुरेसे कारण’ या शब्दांची जागा ठेवली आहे, हे खरे. परंतु ते कारण सांगू शकणारा एकमेव साक्षीदार प्रत्यक्ष चौकशीत हजर नसतो. अपघात, घातपात, आत्महत्या किंवा मनोविकार यांपैकी काही घडले असल्यास त्याचा शोध आधी लागला पाहिजे. आणि शोध तर ‘पळालेल्याचा’ चाललेला असतो, म्हणजे त्याच्या गावी, सासरी, मित्रांकडे.

अशा वेळी एकाच माणसाची दोन दप्तरे तयार होतात. पलटणीच्या दप्तरात तो फरारी असतो. घरच्यांनी तक्रार दिली असल्यास पोलीस ठाण्याच्या दप्तरात बेपत्ता. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही त्याच्या मृत्यूचे अनुमान करता येत असे, आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. पहिल्या दप्तरातील पत्नी फरारी सैनिकाची पत्नी असते, निवृत्तिवेतनावर तिचा हक्क राहत नाही. दुसऱ्या दप्तरातून तिला कालांतराने विधवेचा हक्क मागता येतो. कोणते दप्तर खरे मानायचे हा वाद न्यायालयांपुढे आलेला आहे. शोकाचा अधिकारसुद्धा येथे रकान्यावर अवलंबून असतो.

५

या गृहीताची सर्वांत कठोर तपासणी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या फोर्ट हूड या छावणीत झाली. तेथील तिसऱ्या कॅव्हलरी रेजिमेंटमधील व्हेनेसा गियेन ही २० वर्षांची सैनिक २२ एप्रिल २०२० रोजी नाहीशी झाली. ती शस्त्रदुरुस्तीचे काम करीत असे. तिच्या मोटारीची किल्ली, खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पैशाचे पाकीट ती काम करीत असलेल्या शस्त्रागारातच सापडले. पळून जाणारा माणूस या वस्तू मागे ठेवीत नाही, हे समजायला तपासाधिकाऱ्याची आवश्यकता नव्हती. तरीही नोंदीसाठी उपलब्ध असलेल्या पर्यायांतून ‘रजेविना गैरहजर’ हीच अवस्था तिच्या नावापुढे लागली. ३० जून रोजी लिऑन नदीजवळ तिचे अवशेष मिळाले. तिची हत्या छावणीतच, शस्त्रागारात झाली होती. संशयित सैनिकाने १ जुलै रोजी पोलीस जवळ येताच स्वतःवर गोळी झाडून घेतली.

तिचा शोध चालू असतानाच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. याच छावणीतील एक तरुण सैनिक ऑगस्ट २०१९ मध्ये नाहीसा झाला होता. लष्कराने त्याला प्रथम गैरहजर आणि नंतर सैन्यत्यागी ठरवले होते. जून २०२० मध्ये जवळच्या किलीन गावातील एका मैदानात त्याचे अवशेष सापडले. त्यानंतर त्याची नोंद बदलण्यात आली आणि लष्करी इतमामाने दफनाचा मार्ग मोकळा झाला. फरारी ठरलेला हा माणूस छावणीपासून काही मैलांपलीकडे गेलेलाच नव्हता.

लष्कराच्या सचिवांनी नेमलेल्या पाच सदस्यांच्या स्वतंत्र समितीचा अहवाल ८ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ९ निष्कर्ष आणि ७० शिफारशी होत्या. लैंगिक छळाच्या तक्रारींविषयीची छावणीतील अनास्था हा त्यातील प्रमुख भाग. पण शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष असा की, सैनिक कामावर आला नाही तर पहिल्या २४ तासांत त्याच्या निकटच्या वरिष्ठाने काय करावे याची कोणतीही ठरलेली पद्धत अस्तित्वात नव्हती. छावणीतील १४ अधिकाऱ्यांना पदावरून दूर किंवा निलंबित करण्यात आले. २०२१ मध्ये लष्कराच्याच चौकशीने हेही मान्य केले की, गियेनचा तिच्या एका वरिष्ठाने लैंगिक छळ केला होता आणि त्याची दखल घेतली गेली नव्हती. हा वरिष्ठ म्हणजे संशयित मारेकरी नव्हे.

अहवालाबरोबरच ‘गैरहजर – कारण अज्ञात’ अशा अर्थाची एक नवी अवस्था लष्कराने रूढ केली. सैनिक स्वेच्छेने गेला की नाही हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्यांना ४८ तासांपर्यंत मुदत मिळाली, आणि या काळात त्याला शोधणे व त्याच्या कुटुंबाशी संपर्क ठेवणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. जाणे स्वेच्छेचे नव्हते असे पुराव्यावरून दिसल्यास युद्धातील बेपत्ता सैनिकांसाठी असलेली व्यवस्था त्याला लागू होते आणि कुटुंबाला साहाय्यक अधिकारी मिळतो. युद्धभूमी आणि छावणी यांच्या नोंदवह्यांमधील जुनी भिंत येथे प्रथमच काही अंशी खाली आली.

६

हा बदल मुख्यतः भाषेचा आहे, म्हणून तो तुलनात्मक साहित्याच्या कक्षेत येतो. ‘तो पळाला’ या वाक्यात कर्ता आहे आणि क्रियेचा भार त्याच्यावर आहे. ‘तो हरवला’ या वाक्यात क्रिया घडली आहे, पण तिचा कर्ता कोणी नाही. ‘त्याला नाहीसे केले’ या वाक्यात तो कर्म आहे आणि कर्ता दडलेला आहे. लष्करी नोंद शतकानुशतके पहिले वाक्य लिहीत आली. गियेनच्या बाबतीत तिसरे वाक्य खरे होते. नव्या अवस्थेने केले ते इतकेच की, पुरावा येईपर्यंत क्रियापदाची जागा मोकळी ठेवायची.

ही मोकळी जागा लष्कराने आपणहून सोडली नाही. गियेनच्या आईने व बहिणींनी छावणीच्या फाटकाशी दोन महिने धरणे, मोर्चे आणि पत्रके यांचा नेट लावला. सैन्यातील असंख्य स्त्रियांनी ‘मी व्हेनेसा गियेन आहे’ या शब्दांखाली आपापल्या छळाच्या हकिगती सांगितल्या. तृतीयपुरुषी नोंदीला प्रथमपुरुषी निवेदनाने दिलेले हे उत्तर होते. त्याच नावाने मांडल्या गेलेल्या विधेयकातील महत्त्वाच्या तरतुदी डिसेंबर २०२१ मध्ये कायद्यात आल्या आणि लैंगिक अत्याचारांचे खटले चालवण्याचा निर्णय तुकडीच्या अधिकाऱ्यांच्या हातून काढून घेतला गेला. छावणीचे नाव २०२३ मध्ये बदलले आणि २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट हूड झाले.

भारतीय चौकटीशी तुलना करता एक भेद स्पष्ट होतो. सेना अधिनियमात ३० दिवसांचा उल्लेख आहे तो सैनिकाचा दर्जा ठरवण्यासाठी. पहिल्या ४८ तासांत त्याच्यासाठी काय करावे, याविषयी ते कलम मौन आहे. शोध ही तेथे शिस्तीची बाब आहे, आणि तिचे ओझे बहुधा कुटुंबावर पडते. फरारींच्या याद्या, हुलिये, चौकशीचे कागद आणि घरच्यांचे अर्ज ही सामग्री इतिहासकारांनी आजवर शिस्तभंगाचा पुरावा म्हणून वाचली. त्या याद्यांतील किती नावे खरोखर पळालेल्यांची होती, हा प्रश्न घेऊन ती पुन्हा वाचावी लागेल. पलटणीने एका ओळीत मिटवलेल्या माणसाविषयी घरच्या अर्जात काय लिहिले आहे, हे त्या ओळीशेजारी ठेवून पाहिले, तरच त्या काळातील सैनिकाचे चरित्र पूर्ण होऊ शकेल.