पिंजऱ्यातले तिघे

खरं सांगायचं तर त्या वेळी मीही तेच म्हणालो होतो. डिसेंबर २००८. सीएसटीचं ते छायाचित्र एव्हाना सगळ्या वर्तमानपत्रांत येऊन गेलं होतं. पाठीवर पिशवी, हातात बंदूक, आणि मागे मी रोज उतरतो तेच स्टेशन. मुंबईतल्या महानगर दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने ठराव केला, की कसाबचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. बातमी वाचून मी म्हणालो, "बरोबर केलं. सगळ्या जगाने बघितलंय, आता वकील कशाला हवाय?"

आमच्या मजल्यावर सत्र न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहायचे. त्यांना आम्ही काकाच म्हणायचो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, वकील दिला नाही तर उद्या अपिलात सगळं उलटेल. मग साक्षी पहिल्यापासून घ्यायला तू येणार आहेस का?"

मला वाटलं, कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे कागदी शहाणपण आहे. असो.

पुढचं अनेकांना आठवत असेल. मार्च २००९ च्या अखेरीस न्यायालयाने अंजली वाघमारे यांची कसाबच्या बचावासाठी नेमणूक केली. त्याच रात्री त्यांच्या घरासमोर जमाव जमला, घोषणा झाल्या. हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं वकीलपत्र त्यांनी आधीच घेतलेलं होतं. ते उघड झाल्यावर एप्रिलमध्ये न्यायालयानेच त्यांना दूर केलं आणि अब्बास काझमी आले. नोव्हेंबरअखेर, कामकाजात सहकार्य करत नाहीत म्हणून त्यांनाही काढलं आणि त्यांचे सहायक के. पी. पवार पुढे झाले. आर्थर रोड तुरुंगातल्या खास न्यायालयात, न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर खटला चालू राहिला. मी बातम्या वाचत होतो, पण सगळं लक्ष त्या एकाच माणसावर होतं.

पिंजऱ्यात तिघे होते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

दुसरे दोघे भारतीय. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. आरोप असा, की हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे फहीमने हाताने काढले आणि नेपाळमध्ये सबाउद्दीनकडे दिले. त्यांतला एक नकाशा कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. अबू इस्माईल गिरगाव चौपाटीजवळ गोळीबारात मारला गेला. त्याची पॅन्ट रक्ताने भिजलेली होती. पण त्या पॅन्टच्या खिशातून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता, आणि तो चुरगळलेलाही नव्हता.

वाक्य साधं आहे. पण भर न्यायालयात ते कुणीतरी उठून म्हणावं लागतं. सरकारी वकील ते म्हणणार नाही, ते त्याचं कामच नाही. घोषणा देणारा जमाव म्हणणार नाही. मी तर नाहीच.

फहीमच्या बाजूने उभा राहिला शाहिद आझमी. वय अवघं बत्तीस. ११ फेब्रुवारी २०१० रोजी, खटला संपत आलेला असताना, कुर्ल्यातल्या त्याच्या कार्यालयात त्याला गोळ्या घालून मारलं. बचाव दुसऱ्या वकिलाने पुढे नेला. ३ मे २०१० रोजी निकाल लागला. कसाब दोषी ठरला, आणि तीन दिवसांनी त्याला फाशी सुनावली गेली. फहीम आणि सबाउद्दीन २६/११ च्या आरोपांतून निर्दोष! तो स्वच्छ कागद न्यायाधीशांनाही पटला नव्हता. पुढे उच्च न्यायालयाने (२०११) आणि सर्वोच्च न्यायालयाने (२०१२) कसाबची फाशी कायम केली, आणि या दोघांची सुटकाही कायम केली.

तेव्हा मला काकांचं बोलणं नव्याने कळलं. समजा, माझ्या मनासारखं झालं असतं आणि तिघांनाही वकील मिळाला नसता. कसाबच्या बाबतीत काय फरक पडला असता? बहुधा काहीच नाही. त्याच्या शेजारच्या दोघांचं मात्र सगळंच बदललं असतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. गांधीहत्येच्या खटल्याबद्दल आपल्याकडे आजही तावातावाने बोललं जातं, पण शंकर किस्तय्या हे नाव किती जणांना ठाऊक असतं? पुण्यात हत्यारं विकणाऱ्या दिगंबर बडगेचा हा नोकर. मालक माफीचा साक्षीदार झाला, आणि नोकराला फेब्रुवारी १९४९ मध्ये लाल किल्ल्यातल्या खास न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच वर्षी जूनमध्ये सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने अपिलात दोघांना सोडलं. एक ग्वाल्हेरचे डॉक्टर परचुरे, आणि दुसरा हा शंकर. गांधीजींच्या खुनाचा खटला, देश सुतकात, आणि तरीही त्या नोकराची बाजू ऐकली गेली. नथुराम आणि आपटे यांची फाशी त्यामुळे टळली नाही. शंकर मात्र वाचला.

आता शेवटची गोष्ट, मला सगळ्यात विलक्षण वाटते ती. सर्वोच्च न्यायालयात कसाबची बाजू मांडायला न्यायालयानेच ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं होतं. त्यांनी एक मुद्दा मांडला, की अटकेनंतर कसाबला वेळेवर वकील मिळाला नाही. त्याने कसाबची शिक्षा बदलली नाही. पण २९ ऑगस्ट २०१२ च्या त्याच निकालात न्यायालयाने देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं: आरोपी पहिल्यांदा समोर आणला, की त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगा, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल हेही सांगा.

म्हणजे आज एखाद्या तालुक्याच्या कोर्टात खुनाच्या आरोपाखाली एखादा ऊसतोड मजूर उभा केला, आणि न्यायाधीशांनी विचारलं, "वकील दिला आहे का? नसेल तर देऊ," तर त्या प्रश्नामागे कसाबच्या खटल्यातला तो निकाल आहे. ज्याला वकील मिळू नये असं मी म्हणत होतो, त्याच्या वकिलाने मांडलेला मुद्दा.

काका आता नाहीत. त्यांच्याशी हे बोलायचं राहूनच गेलं. उद्या पुन्हा असा हल्ला झाला, तर मी बदललेला असेन का? खात्री नाही. पहिल्या दिवशी कदाचित पुन्हा तेच म्हणेन. वकील द्यायचा की नाही हे माझ्या रागावर सोडलेलं नाही, तेवढंच बरं.