द कराटे किड
अमेरिकन चित्रपट (१९८४). दिग्दर्शक जॉन जी. ॲव्हिल्डसन, ‘रॉकी’ही (१९७६) त्यांचाच. न्यू जर्सीहून आईसोबत लॉस एंजेलिसला आलेला डॅनियल (राल्फ माचिओ) तिथल्या कराटे शिकलेल्या दांडगट मुलांचा मार खातो. मूळचे ओकिनावाचे मियागी (पॅट मोरिता) त्याला शिकवायचे कबूल करतात आणि गाड्या पुसायला, कुंपण रंगवायला लावतात. मुलगा वैतागतो. मग मियागी ठोसे मारू लागतात, आणि गाडी पुसण्याच्या त्याच गोल हालचालीने त्याचा हात वार अडवतो. गुरु-शिष्याचे नाते इतक्या हळुवारपणे दाखवणारे मारधाडपट विरळाच. कराटे स्पर्धेचा अंतिम सामना डॅनियल दुखऱ्या पायानिशी जिंकतो. मोरितांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुढे अनेक चित्रपट व ‘कोब्रा काय’ ही मालिका निघाली. ‘कराटे किड : लेजंड्स’ २०२५ मध्ये आला.